ब्लॅकजॅक शिकायचंय? आधी तक्ता पाठ कर, काउंटिंग नंतर

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू बांद्याचा, वय 23, पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर पणजीला बोटीवरच्या कॅसिनोत जायचं ठरलंय, खिशात 20 हजार असतील, व्हिडिओ बघून हाय-लो काउंटिंग (वाटलेली पानं मोजून उरलेल्यांचा अंदाज घ्यायची पद्धत) शिकायला घेतलंयस, आणि आता विचारतोयस की बेसिक स्ट्रॅटेजीचा तक्ता (कुठल्या हातावर कुठली चाल ते सांगणारा) पाठ करायलाच हवा का की डायरेक्ट काउंटिंग धरलं तरी चालेल, एवढं सगळं महिन्यात जमेल का, आणि मोजताना पकडतील का. काका म्हणून विचारलंस म्हणून काकासारखंच सांगतो. मी डिचोलीचा, मांडवीतल्या एका बोटीवर 11 वर्षं काढली, आधी डीलर म्हणून आणि नंतर पिटमध्ये, म्हणजे टेबलांवर देखरेख ठेवतात तिथे, सुपरवायझर, त्यामुळे ब्लॅकजॅकचं टेबल मी डीलरच्या बाजूने बघितलंय आणि घरी स्वतः पत्ते घेऊन रात्र रात्र बसून शिकलोय.

तर उत्तर असं, की तक्ता आधी. महिन्याभरात तक्ता पक्का होतो, रोज अर्धा तास दिलास तर नक्की. काउंटिंग महिन्यात घरच्या टेबलावर जमेल, कॅसिनोच्या आवाजात नाही जमणार, आणि जमलं तरी आज गोव्यात त्यातून पैसे सुटत नाहीत, त्याचा हिशोब खाली मांडतो.

आधी तक्ता म्हणजे काय ते समजून घे, कारण बरेच जण ते कुणा जुगाऱ्याचे अनुभवाचे बोल समजतात. तसं नाहीये. 1956 साली अमेरिकन सैन्यातल्या चार जणांनी, बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडर्मॉट त्यांची नावं, मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या तळावर साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर बसून प्रत्येक हाताचं गणित केलं आणि ते संख्याशास्त्राच्या एका मोठ्या जर्नलमध्ये छापलं. पुढे एडवर्ड थॉर्पने एमआयटीतल्या आयबीएमच्या कॉम्प्युटरवर तेच जास्त बारकाईने केलं आणि 1962 साली पुस्तक काढून जगाला दाखवलं की पत्ते लक्षात ठेवले तर या खेळात खेळणारा पुढे जाऊ शकतो. तू शिकतोयस ती हाय-लो पद्धत 1963 साली हार्वी डबनरने मांडली. यातला क्रम बघ, आधी तक्ता आला आणि त्याच्यावर काउंटिंग उभं राहिलं. काउंट तुला फक्त एवढंच सांगतो की पैसे कधी वाढवायचे आणि तक्त्यातल्या कुठल्या चालीपासून कधी बाजूला जायचं, आता मूळ चालच माहीत नसेल तर बाजूला कशापासून जाणार?

आता खेळाचं मर्म. कॅसिनोला फायदा होतो तो एकाच गोष्टीमुळे, तुला आधी खेळावं लागतं. हात 21 च्या जवळ न्यायचा असतो, तू 22 झालास, म्हणजे बस्ट झालास, की पैसे गेले, मग डीलर पण नंतर 22 झाला तरी तुझे परत येत नाहीत. बाकी सगळं तुझ्या बाजूचं आहे, डबल (बेट दुप्पट करून एकच पान घेणं) तू करू शकतोस, स्प्लिट (जोडी फोडून दोन हात करणं) तू करू शकतोस, ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांत 21) लागला तर तुला दीडपट मिळतात, आणि डीलरला मात्र अक्कल चालवायची परवानगीच नाही, 16 पर्यंत त्याने पान घ्यायचं आणि 17 ला थांबायचं. त्यामुळे तक्त्यातला प्रत्येक चौकोन दोन गोष्टी विचारतो, डीलरचं उघडं पान बघता तो बस्ट होण्याची शक्यता किती आणि माझी किती. डीलरची छक्की उघडी असेल तर तो शंभरात साधारण 42 वेळा बस्ट होतो, सत्ती असेल तर फक्त 26 वेळा. छक्की आणि सत्ती यांच्यामध्ये हा जो कडा आहे ना, तो डोक्यात बसला की अर्धा तक्ता आपोआप येतो. दुर्री ते छक्की म्हणजे डीलर अडचणीत, सत्तीपासून एक्क्यापर्यंत म्हणजे तू अडचणीत.

म्हणून हार्ड हातात, म्हणजे एक्का 11 धरलेला नाही अशा हातात, 13 ते 16 असेल आणि समोर दुर्री ते छक्की असेल तर थांब, सत्ती किंवा त्याच्या वर असेल तर पान घे. 12 ला मात्र फक्त चव्वी, पंजी, छक्की समोर थांबायचं, दुर्री-तिर्री समोर पान घ्यायचं. इथे सगळे चुकतात, 12 ला पान घ्यायला घाबरतात. अरे, 12 ला तुला मारणारं पान म्हणजे दश्शी, गुलाम, राणी, राजा, 52 मधली 16, म्हणजे 31 टक्के, उरलेल्या 69 टक्क्यांत तू जिवंत आहेस. 11 असेल तर दुर्रीपासून दहाच्या पानापर्यंत डबल, 10 असेल तर दुर्रीपासून नव्वीपर्यंत, 9 असेल तर तिर्री ते छक्की. एक्के आणि अठ्ठ्या नेहमी स्प्लिट, दहाची पानं आणि पंज्या कधीच नाही. नव्व्यांची जोडी स्प्लिट कर, पण सत्ती, दहा आणि एक्क्यासमोर थांब, कारण सत्तीसमोर तुझे 18 हे डीलरच्या संभाव्य 17 पेक्षा पुढेच आहेत.

सॉफ्ट हात, म्हणजे एक्का 11 धरलाय असे, लोकांना सगळ्यात जड जातात. एक्का-छक्कीवर लोक 17 झाले म्हणून थांबतात, ही माझ्या टेबलावर रोज दिसणारी चूक. सॉफ्ट 17 वर कधीच थांबायचं नाही, तिर्री ते छक्कीसमोर डबल, नाहीतर पान घ्यायचं, तू एका पानात बस्ट होऊच शकत नाहीस तर घाबरतोस कशाला. एक्का-सत्तीचा हात तीन भागांत आहे, तिर्री ते छक्कीसमोर डबल, दुर्री-सत्ती-अठ्ठीसमोर थांब, नव्वी-दहा-एक्क्यासमोर पान घे. हा एक हात ज्याला न अडखळता येतो त्याने तक्ता खरंच केलाय असं मी समजतो.

आणि 16 विरुद्ध दहा. हा हात सगळ्यांचं काळीज खातो. थांबलास तरी शंभरातले जवळजवळ 77 हात हरतोस, पान घेतलंस तरी तसंच, दोन्हीकडे रुपयामागे साधारण 54 पैसे जातात, पान घेणं केसभर बरं. टेबलावर सरेंडर असेल तर अर्धे पैसे सोडून दे, 50 पैशांचं नुकसान 54 पेक्षा कमी आहे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नवीन माणूस या हातावर हरला की त्याचा तक्त्यावरचा विश्वास उडतो आणि पुढच्या वेळी तो मनाला येईल ते करतो. तक्ता म्हणजे जिंकायचं औषध नाही रे, वाईट हातात कमीत कमी नुकसान आणि चांगल्या हातात जास्तीत जास्त पैसे टेबलावर, एवढंच तो करतो. बरे नियम असतील आणि तक्ता चुकला नाही तर कॅसिनोचा फायदा साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो, म्हणजे 1000 रुपयांच्या प्रत्येक डावामागे सरासरी 5 रुपये.

सरावाला घरातला पत्त्यांचा कॅट पुरे. गणपतीत आपण रात्र रात्र पत्ते कुटतोच, तेच हात आहेत. समोर एक पान उघडं ठेव, ते डीलरचं, आणि स्वतःला दोन दोन पानं वाटत जा, डीलरचं पान बदलू नकोस, त्याच पानाविरुद्ध अख्खा कॅट संपव, मग दुसरं पान. म्हणजे तुला "सत्तीसमोर काय काय करायचं" हा अख्खा रकाना एकदम बसतो. चुकलेले हात वहीत लिही, दोन आठवड्यांनी तुझ्या लक्षात येईल की चुका पाच-सहा ठिकाणीच होतायत, बहुतेक सॉफ्ट हात आणि छोट्या जोड्या. 200 हात एकही चूक न करता झाले की मगच काउंटिंगचा कॅट हातात घे. पैसे लावायच्या अ‍ॅपवर सराव करायचा विचार असेल तर तो सोड, 2025 च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन गेम देशात बंद केलेत, आणि फुकटचं प्रॅक्टिस अ‍ॅप असेल तर तक्त्यासाठी चालेल.

टेबलावर बसण्याआधी काय बघायचं ते काउंटिंगपेक्षा महत्त्वाचं आहे. पहिलं, ब्लॅकजॅकला किती देतात. कापडावर लिहिलेलं असतं, तीनास दोन की सहास पाच. 1000 लावले तर तीनास दोनमध्ये 1500 मिळतात, सहास पाचमध्ये 1200. ब्लॅकजॅक साधारण 21 हातांत एकदा लागतो, म्हणजे 300 भागिले 21, प्रत्येक हातामागे 14 रुपये, म्हणजे जवळजवळ 1.4 टक्के. अर्ध्या टक्क्याचा खेळ दोन टक्क्यांचा झाला, एका ओळीमुळे. दुसरं, डीलर सॉफ्ट 17 वर पान घेतो का, घेत असेल तर अजून साधारण 0.2 टक्के गेले. तिसरं, डीलर स्वतःला सुरुवातीला एकच पान घेतो की दोन. एकच घेत असेल आणि त्याला नंतर ब्लॅकजॅक लागल्यावर तुझे डबल-स्प्लिटचे सगळे पैसे जाणार असतील, तर चाल बदलते, 11 वर दहासमोर डबल करायचं नाही, अठ्ठ्या दहा किंवा एक्क्यासमोर फोडायच्या नाहीत, एक्के एक्क्यासमोर फोडायचे नाहीत. इंटरनेटवर मिळणारे बरेच तक्ते अमेरिकेतल्या दोन पानांच्या खेळाचे असतात, ते डोळे झाकून पाठ करू नकोस. डीलरला विचार, आम्ही सांगतो, नियम विचारणाऱ्याला कुणी हसत नाही. आणि इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा एक्का उघडा असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल यावरची वेगळी बेट, घेऊ नकोस. सहा कॅटमध्ये दहाची पानं 96, डीलरचा एक्का सोडला तर उरली 311 पानं, म्हणजे 31 टक्क्यांपेक्षा थोडं कमी, आणि पैसे मिळतात दुप्पट, त्यासाठी 33 टक्के लागतात. शंभर रुपयांमागे सात रुपये जातात, हातात 20 असोत की 12.

बरं, आता काउंटिंग. दुर्री ते छक्की दिसलं की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शीपासून एक्क्यापर्यंत उणे एक. एका कॅटमध्ये छोटी पानं 20, मोठी 20, मधली 12, म्हणून अख्खा कॅट मोजून संपवल्यावर शून्य आलंच पाहिजे, नाही आलं तर कुठेतरी चुकलास. एक एक पान न मोजता जोडीने बघायला शिक, राजा आणि पंजी एकत्र आले की शून्य, डोळ्यांनीच खोडून टाकायचे. अख्खा कॅट 30 सेकंदांच्या आत आणि शून्यावर, हे जमलं की हात बसला समज. एक छोटी गोष्ट सांगतो, मराठीत मोज. "उणे" दोन अक्षरी आहे, आणि लहानपणापासूनचे आकडे दमल्यावरही चुकत नाहीत. मी सुरुवातीला इंग्रजीत मोजायचो आणि उणे सात-आठच्या पुढे गेलो की गोंधळ व्हायचा, मराठीत आल्यावर थांबला.

मोठी पानं शिल्लक असली की तुझा फायदा का, तर ब्लॅकजॅक तुलाही लागतो आणि डीलरलाही, पण दीडपट फक्त तुला मिळतात. आणि 12 ते 16 वर डीलरला पान घ्यावंच लागतं, मोठी पानं असतील तर तो जास्त फुटतो, तू थांबू शकतोस. डबलला पण मोठं पान येतं. एवढं समजलं की नुसती बेरीज-वजाबाकी न राहता त्यात अर्थ येतो.

पण नुसता चालता आकडा पुरत नाही. सहा कॅटच्या शूमध्ये (पानं वाटायच्या पेटीत) अधिक आठ आलेत, दोन कॅट वाटून झालेत, चार उरलेत, तर आठ भागिले चार, अधिक दोन, हा खरा काउंट. तेच अधिक आठ पाच कॅट उरलेले असताना दीडच्या आसपास. खऱ्या काउंटमधला प्रत्येक अंक साधारण अर्धा टक्का तुझ्याकडे सरकवतो, म्हणजे अधिक एकला बरोबरी, अधिक दोनला अर्धा टक्का तुझा. वाटलेल्या पानांच्या ट्रेकडे एक नजर टाकून किती कॅट झाले ते ओळखता यायला हवं, त्यासाठी घरी एक, दोन, तीन कॅटचे गठ्ठे टेबलावर उभे करून बघत जा. आणि शूमध्ये कट कार्ड, म्हणजे इथवर आलं की पिसायचं अशी खूण, कुठे लागतं ते बघ. सहातले साडेचार कॅट वाटले तर मोजण्यात अर्थ आहे, तीनच वाटून पिसायला घेतले तर मोठा काउंट यायच्या आधीच शू संपतो. सतत पिसणारं मशीन असेल, म्हणजे प्रत्येक डावानंतर पानं परत मशीनमध्ये जातात ते, तर मोजणं सोडून दे, तिथे लक्षात ठेवायला काही उरतच नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत तर इलेक्ट्रॉनिक खेळच असतात, कारण 1976 च्या जुगारबंदीच्या कायद्यात 1992 ला पंचतारांकित हॉटेलांना मशीनची मुभा दिली आणि 1996 ला टेबलवरच्या खेळांची मुभा दिली ती पाण्यातल्या जहाजांना.

आता तुझे 20 हजार. समजा सगळं परफेक्ट केलंस आणि एक टक्का फायदा मिळाला, जो बऱ्याच चांगल्या माणसांना मिळत नाही. एका हातातला चढउतार हा तुझ्या बेटच्या साधारण 1.15 पट असतो, म्हणजे 100 हातांत सरासरी कमाई एक बेट आणि चढउतार साडेअकरा बेट. एक बेट कमवायला बसलास आणि दहा बेट हरून उठलास यात आश्चर्य काहीच नाही. सरासरी कमाई चढउताराच्या बरोबरीला यायला 13 हजारांच्या वर हात लागतात, तासाला 60 हात धरले तर 220 तास. एका रात्रीत काउंटिंगने जिंकलो असं जो सांगतो तो नशिबाने जिंकलेला असतो. आणि अधिक दोनच्या काउंटला 1000 लावायचे तर, बुडू नये म्हणून सावधपणे, मागे पाच लाखांच्या आसपास भांडवल असायला पाहिजे. 20 हजार हे भांडवल नाही, ते एका संध्याकाळचा खर्च आहे.

त्यात कर. 1 ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोत चिप्स घ्यायला दिलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला, सप्टेंबर 2025 पासून तो 40 झाला. समजा हा कर तुझ्याच 20 हजारांतून गेला, तर हातात 14,286 रुपयांच्या चिप्स आणि 5,714 कर. त्या चिप्स रात्रभर फिरवून तू दोन लाखांची बेट लावलीस आणि एक टक्का कमावलास तर दोन हजार आले, दारातच त्याच्या जवळजवळ तिप्पट गेले. पॅकेजमध्ये कर कसा धरलाय ते काउंटरवर आधी विचार, आणि पॅकेजमधल्या एकदाच वापरायच्या चिप्सना रोख मिळत नाहीत हे पण लक्षात ठेव. वर जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. अमेरिकेतली काउंट करणारी टीम कशी कमवायची ते व्हिडिओत बघून इथे यायचं, तर हा फरक कुणीतरी सांगायला हवा म्हणून एवढं लिहिलं.

पकडतील का, हे तू विचारलंयस. डोक्यात मोजणं म्हणजे फसवणूक नाही, पण फोन किंवा कुठलं यंत्र वापरलंस तर ती फसवणूकच, ते अजिबात करू नकोस. न्यू जर्सीत 1982 साली केन अस्टन या काउंट करणाऱ्या खेळाडूच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की कॅसिनो स्वतःच्या मर्जीने काउंट करणाऱ्याला बाहेर काढू शकत नाही, पण ते न्यू जर्सीपुरतं, इथे तुला नम्रपणे "आता दुसरं काही खेळा" म्हणतील. पिटमध्ये आम्ही काय बघायचो, तर बेट काउंटबरोबर उडी मारते का, ट्रेकडे नजर सारखी जाते का, इन्शुरन्स फक्त मोठ्या बेटवर घेतो का. पण खरं सांगू, इतक्या वर्षांत मला काउंट करणारे दिसले त्यातले बहुतेक मी थांबवले नाहीत, कारण त्यांच्यापासून कुणाला धोकाच नव्हता. एक पोरगा आठवतो, पुण्याकडचा वाटायचा, ओठ हलवत मोजायचा, काउंट बरोबर असायचा त्याचा, मी मनात पडताळून बघायचो. पण काउंट वर गेला की घाई व्हायची, दहा-दहा फोडायचा, सॉफ्ट 18 वर दहासमोर थांबायचा. काउंटने मिळवलेला अर्धा टक्का तक्त्याच्या चुकांत जायचा आणि वर अजून जायचा. तीन रात्री आला, चौथ्या रात्री एटीएमच्या स्लिपा हातात घेऊन जेटीवर बसलेला दिसला, त्याच्याजवळ जाऊन बसलो मी शिफ्ट संपल्यावर. तू तक्ता टाळून काउंटिंगवर जायचं म्हणालास तेव्हा मला तोच आठवला.

तुझ्या ट्रिपचं म्हणशील तर ओळखपत्र जवळ ठेव, 21 च्या खाली प्रवेश नाही, आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्यातल्या माणसांना खेळायला बंदी आहे, तुझ्या म्हापशाच्या मावसभावाला घेऊन जाशील तर तो जेटीवरच राहील. एटीएम कार्ड हॉटेलवर ठेव. टेबल मिनिमम कमीत कमी असेल तिथे बस, संध्याकाळी लवकर, गर्दी वाढायच्या आत. कमीत कमी 30 बेट खिशात असतील अशाच टेबलावर बस. त्या रात्री बेट बदलू नकोस, काउंट मनात चालू ठेव पण फक्त मोजायला, शू संपला की तुझा आकडा आणि पानांचा अंदाज जुळतो का ते बघ. दारू नको, ती फुकट असते तरी.

वहीतले चुकलेले हात मला पाठव, पहिल्या आठवड्याचे. एक्का-सत्ती आणि 12 विरुद्ध दुर्री यांचे किती आहेत ते मला बघायचंय.